पोटात उतरलेला उजेड

आमच्या वालूरमध्ये पोटाच्या दुखण्याला शब्दांची टंचाई नाही. कुणाला पित्त होतं, कुणाला करपट ढेकर येतात, कुणाच्या छातीत जळजळतं, तर कुणाला खाल्लेलं अंगी लागत नाही. आमच्या घरात दखनी बोलली जाते. तिथं सगळा कारभार 'मेद्या'कडे असतो. मेदा कमजोर झाला, मेद्यात जलन होते, मेदा खाना पकडत नाही. लहानपणी गावातले वैद्य म्हणायचे अम्लपित्त, हकीमसाहेब म्हणायचे सफरा वाढलाय, आणि सेलूचा कंपाउंडर सुई टोचता टोचता म्हणायचा, गॅस आहे. दुखणं एकच आणि नावं चार. पण या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. यांच्यापैकी कुणीही पोटाच्या आत डोकावून पाहिलेलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, कवीला ही पोटाची चौकशी कशाला? मी बी.ए. झालेला माणूस, डॉक्टर नव्हे. पण पोट कवीलाही असतं आणि घरात माणसंही असतात. त्यातल्या दोन माणसांसाठी मला आज हे बोलायचं आहे.

पहिले आमचे बडे अब्बा, म्हणजे माझे थोरले चुलते. १९७९-८० चा सुमार. मी प्राथमिक शाळेत होतो. बडे अब्बांचं पोट रात्री दोन-अडीचला दुखायचं. ते उठायचे, टोपल्यातली शिळी भाकरी खायचे, मग कळ थांबायची. भूक लागली की दुखणार आणि खाल्लं की थांबणार, असा त्या दुखण्याचा नेम होता. शहरातल्या डॉक्टरांनी पांढरं औषध पाजून एक्स-रे काढला आणि सांगितलं, अल्सर आहे. आतड्याच्या तोंडाशी व्रण झालाय. मिरची बंद, भाकरी बंद. दर दोन तासांनी दूध घ्या, मऊ भात खा, काळजी करू नका.

घरात एकच म्हैस होती. तिचं सगळं दूध बडे अब्बांच्या पेल्यात जाऊ लागलं आणि आम्ही पोरं काळा चहा प्यायला शिकलो. ठेच्याशिवाय घास न उतरणारा तो माणूस दूधभाताकडे पाहून डोळे मिटून घ्यायचा. दुखणं मात्र गेलं नाही. शेवटी ऑपरेशन झालं आणि जठराचा मोठा भाग काढून टाकला. बडे अब्बा वाचले, पण नंतर त्यांना कधी पोटभर जेवता आलं नाही. दोन घास खाल्ले की घाम सुटायचा, चक्कर यायची. उरलेली दहा-बारा वर्षं ते वाळत गेले. आपण फार काळजी करतो म्हणून हे झालं, हा त्यांचा समज शेवटपर्यंत होता. डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं.

डॉक्टरांना दोष देत नाही. जगभर तेव्हा तेच चालू होतं. अमेरिकेतल्या बर्ट्रम सिप्पी नावाच्या डॉक्टरांनी १९१५ साली दूध आणि साय तासातासाला देण्याचा आहार सांगितला, आणि पुढची पन्नास-साठ वर्षं जगभरच्या अल्सरच्या रोग्यांनी दूध रिचवलं. व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी १८८१ साली कर्करोगाच्या एका बाईचं अर्धवट जठर काढून उरलेलं आतड्याला जोडलं. तो मार्ग पुढे अल्सरसाठीही वापरात आला. बडे अब्बांच्या पोटावरचा व्रण त्याच परंपरेतला होता.

आपल्या जुन्या लोकांनी पाहिलं नसलं, तरी ऐकलं मात्र नीट होतं. माधवनिदानात अम्लपित्ताचं स्वतंत्र प्रकरण आहे, आणि अन्न पचताना उठणाऱ्या दुखण्याला परिणामशूल असं वेगळं नाव दिलेलं आहे. इब्न सीना यांच्या 'अल-कानून'मध्ये डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाचे आजार येतात, त्यात जठराचेही आहेत. दुखतं कधी, जेवणाआधी की नंतर, हे रोग्याला विचारण्याची रीत फार जुनी आहे. अडचण एवढीच होती की आतला अंधार तसाच राहिला होता.

गॅलिलिओने १६०९ साली दुर्बीण आकाशाकडे वळवली आणि चंद्रावरचे डोंगर पाहिले. जिवंत माणसाच्या जठरात डोकवायला मात्र त्यानंतर अडीचशे वर्षं लागली. आमच्याकडे एंडोस्कोपीला आजही 'दुर्बीण टाकणं' म्हणतात. मला तो शब्द फार आवडतो, कारण इतिहासात या दोन दुर्बिणी खरोखरच बहिणी आहेत.

फिलिप बोझिनी या जर्मन डॉक्टरने १८०६ च्या सुमारास मेणबत्ती आणि आरसा लावून शरीराच्या पोकळ्यांत उजेड सोडायचा प्रयत्न केला. पण जठरापर्यंत सरळ नळी न्यायची कशी? त्याचं उत्तर जत्रेतल्या खेळात सापडलं. अडॉल्फ कुसमाउल यांनी १८६८ साली फ्रायबुर्गमध्ये एका तलवार गिळणाऱ्या कसरतपटूलाच समोर बसवलं. मान मागे टाकली की तोंड, घसा आणि अन्ननलिका एका रेषेत येतात, हे त्या माणसाला पोटासाठी शिकावं लागलं होतं. कुसमाउल यांनी त्याच्या गळ्यातून दीड फुटाची पोकळ नळी खाली उतरवली. नळी पोहोचली, पण दिव्याचा उजेड पुरेना. पुढे रुडॉल्फ शिंडलर यांनी १९३२ साली टोकाकडे थोडी वाकणारी नळी आणली. जपानमध्ये १९५० साली नळीच्या टोकाला इवलासा कॅमेराच बसवला गेला. जठराचा कर्करोग तिथल्या लोकांचा मोठा वैरी होता, म्हणून त्यांना घाई होती.

खरी वाट उघडली ती एका भारतीय माणसाच्या हट्टामुळे. नरिंदरसिंग कपानी यांचा जन्म १९२६ साली पंजाबातल्या मोग्याचा. शाळेत गुरुजींनी सांगितलं की प्रकाश सरळ रेषेतच जातो. हे पोराला पटलं नाही, असं ते पुढे सांगत. लंडनला हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करताना त्यांनी काचेच्या केसासारख्या तंतूंची जुडी केली आणि वाकलेल्या जुडीतूनही चित्र नेता येतं हे दाखवलं. जानेवारी १९५४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ते छापून आलं. अमेरिकेत मिशिगनला असलेल्या बेसिल हिर्शोविट्झ या तरुण डॉक्टरने ते वाचलं. सहकाऱ्यांबरोबर त्याने लवचीक दुर्बीण तयार केली आणि १९५७ च्या फेब्रुवारीत ती सर्वांत आधी स्वतःच्या घशात घातली. मग काही दिवसांनी रोग्याच्या. आतड्याच्या सुरुवातीचा व्रण आता डोळ्यांना दिसू लागला. १९८० च्या दशकात टोकाला इलेक्ट्रॉनिक डोळा आला आणि चित्र पडद्यावर उमटू लागलं. कपानी २०२० साली वारले. दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आत उजेड गेल्यावर काय दिसलं, ही पुढची गोष्ट. दुर्बिणीतून नुसतं पाहता येतं असं नाही. बारीक चिमट्याने तुकडाही काढता येतो. असे तुकडे ऑस्ट्रेलियात पर्थ इथं रॉबिन वॉरन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. १९७९ साली त्यांना सुजलेल्या जठराच्या अस्तरावर वाकडे जंतू दिसले. जठरातल्या आम्लात जंतू जगतीलच कसे, असा सगळ्यांचा समज. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांच्याबरोबर कामाला लागला. जंतू प्रयोगशाळेत वाढेनात. १९८२ साली ईस्टरच्या सुट्टीत बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि सुट्टीनंतर पाहतात तर जंतू उगवलेले! तरी लोक मानेनात. तेव्हा मार्शल यांनी १९८४ साली स्वतःच तो जंतूंचा काढा पिऊन टाकला. काही दिवसांत मळमळ, उलट्या सुरू झाल्या. दुर्बीण टाकून पाहिलं तर जठराला सूज आलेली. या दोघांना २००५ साली नोबेल मिळालं. जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी.

मला हे पहिल्यांदा वाचायला मिळालं तेव्हा मी हातातला कागद खाली ठेवला. बहुतेक अल्सर या जंतूमुळे किंवा दुखणं थांबवायच्या गोळ्यांमुळे होतात. जंतूचा अल्सर दहा-चौदा दिवसांच्या औषधांनी बरा होऊ शकतो. बडे अब्बांच्या ऑपरेशननंतर दोनच वर्षांनी तो जंतू बशीत उगवला होता. त्यांची दुर्बीण झाली नव्हती, तुकडा तपासला नव्हता. त्यामुळे त्यांचा अल्सर कशाचा होता हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण काळजीचा नव्हता एवढं मनाशी म्हणतो. तो माणूस स्वतःच्या स्वभावाला दोष देत गेला, याचंच वाईट वाटतं.

भाकरीचंही तसंच. पश्चिम रेल्वेचे डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनी १९६० च्या दशकात रेल्वे कर्मचाऱ्यांमधला अल्सर मोजला. भात खाणाऱ्या दक्षिणेकडच्या लोकांत तो जास्त आणि गव्हाची पोळी चावून खाणाऱ्या उत्तरेकडच्या लोकांत कमी, असं त्यांना आढळलं. म्हैसूरला अनेक वर्षं शस्त्रक्रिया करणारे फ्रँक टोवी यांनीही देशाचा असाच नकाशा मांडला. भाताच्या मुलखात अल्सर जास्त, तर कोंड्यासह गहू, भरड धान्य आणि डाळी खाणाऱ्या मुलखात कमी. म्हणजे ज्वारीच्या मुलखातल्या माणसाची भाकरी काढून त्याला भात दिला, तो उपाय उलटाच तर नव्हता? मी ठाम म्हणत नाही. कारण जंतू दोन्ही मुलखांत सारखाच पसरलेला आहे आणि हे कोडं अभ्यासकांनाही पुरतं सुटलेलं नाही. पण भाकरीवरचा आळ तेवढा उतरवून ठेवतो.

काश्मीरमध्ये डॉ. मोहम्मद सुलतान खुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या सामान्य लोकांचीच पाहणी केली, दुर्बीण टाकून. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभरातल्या जवळजवळ पाच जणांना त्या वेळी व्रण होता आणि आयुष्यात कधी ना कधी व्रण झालेले शंभरात अकरा होते. आतड्याचे व्रण जठराच्या व्रणांच्या कितीतरी पट. असाच दुसरा नमुना कर्करोगाचा. हा जंतू भारतात निम्म्याहून जास्त प्रौढांच्या पोटात आहे, १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने त्याला कर्करोगकारकांच्या यादीत घातलं, तरी जठराचा कर्करोग आपल्याकडे जपानच्या मानाने कमी. अपवाद मिझोरमसारख्या भागांचा. तिथं धुरावलेलं मांस आणि तंबाखूचा धूर मुरवलेलं पाणी यांच्याकडे अभ्यासक बोट दाखवतात. एकच जंतू, पण मुलूख बदलला की आजाराचा चेहरा बदलतो.

मग आपल्या मुलखाचा चेहरा कसा? काही वर्षांपूर्वी माझ्यावरच दुर्बिणीची पाळी आली. रात्रीपासून पोट रिकामं ठेवायचं होतं. डॉक्टर म्हणाले, "चाचा, तुम्हाला रोज्यांची सवय आहे, सोपं जाईल." घशात कडवट फवारा मारला, डाव्या कुशीवर झोपवलं. दोन-चार मिनिटं घसा ढवळून निघाला, डोळ्यांतून पाणी आलं. पण पडद्यावर मी माझंच पोट पाहिलं. ओली, गुलाबी, वळ्यावळ्यांची भिंत आणि खाली खाली उतरत जाणारा उजेड. आमच्या वालूरच्या गोल बारवेत मी लहानपणी असाच वाकून पाहायचो. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला आम्ल वर येऊन सोललेलं होतं. कारण विचारलं तर डॉक्टर हसले. मुशायरे, रात्री बाराचं जेवण आणि पाठोपाठ आडवं होणं.

त्यांच्याशी नंतर ओळख वाढली. मी विचारलं, इतकी वर्षं मराठवाड्याच्या पोटात डोकावताय, काय दिसतं? ते म्हणाले, पहिली गोष्ट म्हणजे पुष्कळांना काहीच नसतं. जळजळ खरी असते, पण अस्तर स्वच्छ असतं. त्यांना धीर द्यावा लागतो, गोळ्यांची माळ नव्हे. दुसरं, व्रण होऊन होऊन जठराचं तोंड आवळलेले, कालचं जेवण आज उलटीतून काढणारे रोगी पूर्वी नेहमी यायचे. आता कमी झाले. आम्ल कमी करणारी औषधं आली, जंतूवर इलाज आला. त्यांची जागा तुझ्यासारख्या आम्ल वर येणाऱ्यांनी घेतली. तिसरे रक्ताची उलटी घेऊन येणारे. त्यांतल्या काहींचं लिव्हर खराब होऊन अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असतात. दारू त्याचं एक मोठं कारण, काविळीचे काही विषाणू दुसरं. आणि काही जण अंगदुखीच्या गोळ्यांचे बळी.

या शेवटच्या गोष्टीवर मी थबकलो. कापूस वेचून कंबर मोडली, गोळी. ऊस तोडून खांदे भरले, गोळी. किराणा दुकानात पुडीत बांधून मिळणाऱ्या त्या गोळ्यांनी दुखणं थांबतं, पण जठराच्या अस्तराचं संरक्षणही जातं. उपाशीपोटी रोज घेतली की एक दिवस डांबरासारखी काळी शौचाला होते. ते आतलं रक्त असतं. आपल्याकडे त्याला उष्णता म्हणतात.

चौथी गोष्ट सांगताना डॉक्टरांचा आवाज खाली आला. अन्ननलिकेचा कर्करोग. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तो भाग आमच्या मराठवाड्याला लागूनच, किंबहुना परंडा आणि भूम हे आमचेच तालुके त्या नोंदणीत येतात. गावोगाव फिरून केलेल्या त्या नोंदींत तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाला ठळक जागा आहे. तंबाखू, गुटखा आणि दारू यांचा त्यात मोठा हात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. पानटपरीवर ती किती पोहोचली, हे मी तुम्हाला काय सांगू?

इथं मला दुसऱ्या माणसाबद्दल बोलायचं आहे. माझी फुफी. आयुष्यभर सकाळी मिश्री लावली. दात घासायची म्हणून सुरू झालेली सवय, मग दिवसातून चार वेळा. एका हिवाळ्यात ती भाकरी वरणात कुस्करून खाऊ लागली. आम्हाला वाटलं, दात गेले. मग भाकरी सुटली, भातच खाऊ लागली. आम्हाला वाटलं, वय झालं. मग भातही पाण्याबरोबर ढकलू लागली. छातीत अडकतं म्हणाली, तर मीच तिला दुकानातून पित्ताच्या गोळ्या आणून दिल्या. सहा महिने. गोळीने जळजळ थांबायची, म्हणून सगळ्यांना वाटायचं फरक आहे. दुर्बीण झाली तेव्हा अन्ननलिकेत करंगळीएवढीही वाट उरली नव्हती. चार महिन्यांत ती गेली. शेवटच्या दिवसांत तिने माझ्याकडे चहा मागितला. चमच्याने पाजला, तो परत आला.

तिच्या वेळी दुर्बीण होती. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९५६ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. मग अंबाजोगाई, नांदेड झालं. परभणीतही २०२३ मध्ये सरकारी महाविद्यालय सुरू झालं. बडे अब्बांच्या वेळी ज्ञान नव्हतं. फुफीच्या वेळी ज्ञान होतं, यंत्र होतं, रस्ता होता, एसटी होती. नव्हता तो आमच्या मनातला एक प्रश्न. गिळताना अडकतं का, हे विचारून पुढचं पाऊल टाकायला हवं होतं, ते आम्ही टाकलं नाही. मी टाकलं नाही.

आमच्या गावच्या बारवा कित्येक वर्षं गाळाने आणि कचऱ्याने भरलेल्या होत्या. आम्ही त्यांच्या काठावरून रोज जात होतो. अलीकडे गावकऱ्यांनी श्रमदान करून गाळ उपसला, तेव्हा खालच्या पायऱ्या दिसल्या. पायऱ्या आधीपासून तिथंच होत्या. कुणी खाली पाहिलं नव्हतं एवढंच.

म्हणून हात जोडून सांगतो. पित्त प्रत्येकाला होतं आणि प्रत्येक पित्तासाठी दुर्बीण लागत नाही. पण घास अडकत असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, रक्ताची उलटी किंवा काळी शौचाला झाली असेल, चाळिशी-पन्नाशीनंतर पोटाचं दुखणं नव्यानेच सुरू झालं असेल, रक्त कमी झालं असेल, तर दुकानातली पुडी खाली ठेवा आणि डॉक्टरकडे जा. दोन-चार मिनिटांचा घसा ढवळणं सोसा.

परवा बाजारात एक जुना सोबती भेटला. म्हणाला, "यार, आजकाल भाकर पाण्याबिगर उतरंना." मी विचारलं, किती दिवसांपासून? म्हणाला, "असंल महिना-दोन महिने. पित्त असंल." मी पिशवी तिथंच ठेवली आणि त्याला घेऊन परभणीच्या गाडीत बसलो. काय निघालं ते त्याचं त्याच्यापाशी राहू द्या. वेळेत निघालं, एवढंच सांगतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)